जेनकिन्स सुरू होतं, पण गिटमधून कोड येत नाही: पुन्हा पुन्हा येणारी अडचण कशी सोडवावी

सर्व्हरवर जेनकिन्स (कोड आपोआप उतरवून त्याची ‘बिल्ड’, म्हणजे चालवता येणारं सॉफ्टवेअर, तयार करणारा सर्व्हर) बसवलं. ८०८० पोर्टवर पान उघडलं, सुरुवातीचा पासवर्ड टाकला, सुचवलेली प्लगइन्स उतरली. नवा जॉब (जेनकिन्सने करायचं एक काम) केला, गिट रिपॉझिटरीचा (कोडच्या सगळ्या आवृत्त्या जपणाऱ्या साठ्याचा) पत्ता दिला आणि त्या रकान्याखाली लाल अक्षरांत उत्तर आलं: ‘फेल्ड टू कनेक्ट टू रिपॉझिटरी’. पुढे गिट एलएस-रिमोट या कमांडचा उल्लेख आणि ‘रिटर्न्ड स्टेटस कोड १२८’. त्याच सर्व्हरवर टर्मिनलमधून गिट क्लोन केलं तर कोड विनातक्रार येतो. मग बरेच जण जेनकिन्स काढून टाकतात, पुन्हा बसवतात आणि तीच लाल अक्षरं पुन्हा समोर येतात.

पुन्हा बसवून हे सुटत नाही, कारण बिघाड बसवण्यात नसतोच. लिनक्सवर पॅकेजमधून जेनकिन्स बसवलं की ‘जेनकिन्स’ नावाचा एक स्वतंत्र वापरकर्ता तयार होतो आणि सर्व्हर त्याच्याच नावाने चालतो. त्याचं होम /व्हार/लिब/जेनकिन्स. तुमच्या एसएसएच चाव्या (दूरच्या सर्व्हरशी जोडताना ओळख पटवणाऱ्या फाइली), तुमची नोन होस्ट्स फाइल (ओळखीच्या सर्व्हरांची यादी), तुमचं गिट कॉन्फिग हे सगळं तुमच्या होममध्ये आहे. जेनकिन्सला त्यातलं काही दिसत नाही, आणि दिसूही नये. टर्मिनलमध्ये जे चाललं ते तुमच्या नावाने चाललं, जेनकिन्सबद्दल त्यातून काहीच कळत नाही. बिल्ड सर्व्हरच्या तक्रारींमध्ये ‘माझ्याकडे तर चालतं’ ही तपासणी धरूच नये असं माझं ठाम मत आहे. ‘हे काम कोणाच्या नावाने आणि कुठल्या मशीनवर चाललंय?’ हा प्रश्न पहिला विचारला की खालच्या बहुतेक अडचणी पटकन उलगडतात.

आधी एक साधी गोष्ट बघून घ्या. गिट प्लगइन म्हणजे गिट नव्हे. जेनकिन्सच्या पॅकेजसोबत गिट येत नाही, ते सर्व्हरवर वेगळं बसवावं लागतं. ‘कॅनॉट रन प्रोग्राम गिट’ आणि ‘एरर २’ असं दिसत असेल तर एवढंच कारण आहे. गिट बसवा आणि पुढे चला.

आधी जेनकिन्स वापरकर्ता बना

१२८ हा आकडा शोधत बसण्यात अर्थ नाही. गिटचं काही गंभीर अडलं की ते साधारणपणे १२८ देऊनच बाहेर पडतं. खरं कारण त्याखाली, ‘एसटीडीएरर’ या शब्दानंतरच्या ओळीत असतं. ती ओळ पूर्ण वाचा. मग टर्मिनलमध्ये ‘सुडो -यू जेनकिन्स -एच बॅश’ ही कमांड द्या. आता तुम्ही जेनकिन्सच्या नावाने बसला आहात. ‘हूॲमआय’ (सलग एकच शब्द) ही कमांड देऊन खात्री करा आणि नुसतं ‘सीडी’ करून त्याच्या होममध्ये जा.

इथे ‘सुडो एसयू - जेनकिन्स’ सुचवणारे पुष्कळ भेटतात. उबुंटू-डेबियनवर ते चालतं. रेड हॅटच्या घराण्यातल्या वितरणांवर मात्र या वापरकर्त्याला मुद्दाम शेल दिलेला नसतो. त्यामुळे कमांड काही न बोलता परत येते, आणि आपण जेनकिन्स झालो या समजुतीत पुढची सगळी तपासणी स्वतःच्याच नावाने होते. बॅश स्पष्ट सांगितलेली कमांड दोन्हीकडे चालते, म्हणून तीच वापरावी.

आता गिटहबशी (गिट रिपॉझिटरी ठेवण्याची ऑनलाइन सेवा) बोलून बघा: ‘एसएसएच -टी’ आणि पुढे गिट वापरकर्त्याचा गिटहबवरचा पत्ता. चावी बरोबर असेल तर तुमच्या खात्याचं नाव घेऊन ‘यूव्ह सक्सेसफुली ऑथेंटिकेटेड’ असं उत्तर येतं आणि पुढे गिटहब शेल देत नाही असंही लिहिलेलं असतं. ते वाक्य बिघाडाचं नाही. या कमांडचा बाहेर पडण्याचा कोड यशस्वी झाल्यावरही १ असतो, त्यामुळे ही तपासणी स्क्रिप्टमध्ये टाकणाऱ्यांनी त्यावर विसंबू नये.

उत्तर ‘होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड’ असं आलं तर अजून तुमच्या चावीपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. समोरचा सर्व्हर खरोखर गिटहबच आहे का, हे जेनकिन्सला पटलेलं नाही. तुम्ही पहिल्यांदा जोडलं तेव्हा टर्मिनलने विचारलं होतं, तुम्ही ‘येस’ लिहिलं होतं आणि ती नोंद तुमच्या नोन होस्ट्स फाइलीत गेली. जेनकिन्सला असा प्रश्न विचारायला समोर माणूस नसतो. म्हणून जेनकिन्सच्या नावाने बसलेले असतानाच एकदा जोडा, दिसणारा फिंगरप्रिंट (सर्व्हरच्या चावीची छोटी खूण) गिटहबच्या संकेतस्थळावर दिलेल्या फिंगरप्रिंटशी ताडून बघा आणि मगच ‘येस’ लिहा. नोंद /व्हार/लिब/जेनकिन्स/.एसएसएच मधल्या फाइलीत जाते आणि अडचण संपते. स्वतःच्या कंपनीतल्या गिटलॅब किंवा गिटी सर्व्हरसाठीही हेच करायचं, फक्त फिंगरप्रिंट तो सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून मागून घ्यायचा.

जेनकिन्समध्ये ‘मॅनेज जेनकिन्स’खाली ‘सिक्युरिटी’त गिट होस्ट की व्हेरिफिकेशनची एक सेटिंग आहे. तिथे चार पर्याय दिसतात: नोन होस्ट्स फाइल, पहिली जोडणी मान्य करणे, चाव्या हाताने देणे आणि तपासणीच न करणे. चौथा पर्याय निवडला की लाल अक्षरं लगेच जातात, आणि म्हणूनच तो इतक्या ठिकाणी सुचवलेला दिसतो. कृपा करून तो निवडू नका. बिल्ड सर्व्हर जो कोड उतरवतो तोच पुढे ग्राहकाच्या मशीनवर जातो. मधल्या मध्ये कोणी दुसराच कोड हातात दिला तर कळायला मार्ग राहत नाही. सर्व्हर पुन्हा पुन्हा नव्याने उभा करणाऱ्यांना ‘चाव्या हाताने देणे’ सोयीचं पडतं, कारण ती यादी जेनकिन्सच्या कॉन्फिगरेशनसोबत जपता येते.

याच जागेवर आणखी एक प्रकार घडतो: वर्षभर चाललेला जॉब एके दिवशी अचानक ‘रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड’ म्हणतो. २४ मार्च २०२३ ला गिटहबने आपली आरएसए होस्ट की बदलली, कारण तिचा खासगी भाग थोडा वेळ एका सार्वजनिक रिपॉझिटरीत उघडा पडला होता. त्या दिवशी जगभरातल्या बऱ्याच बिल्ड बंद पडल्या आणि जुन्या इमेजवरून उभ्या केलेल्या सर्व्हरवर तीच जुनी नोंद आजही सापडते. उपाय सोपा आहे: जेनकिन्सच्या नावाने ‘एसएसएच-कीजेन -आर’ आणि होस्टचं नाव देऊन जुनी नोंद काढा, नवी चावी ताडून घ्या. मात्र कुठलीही घोषणा नसताना हा संदेश आला तर नोंद पुसण्याची घाई करू नका, आधी नेटवर्क सांभाळणाऱ्याला विचारा.

परमिशन डिनाइड

होस्ट पटला आणि आता ‘परमिशन डिनाइड, पब्लिक की’ असं येत असेल तर प्रश्न तुमच्या चावीचा आहे. जेनकिन्सच्या ‘क्रेडेन्शियल्स’मध्ये चावी ठेवणं मला जास्त पसंत आहे. होममध्ये मोकळी फाइल ठेवली तर प्रत्येक जॉबला ती वापरता येते. एका रिपॉझिटरीपुरती डिप्लॉय की काढून ती क्रेडेन्शियलमध्ये ठेवली, तर फुटली तरी नुकसान तेवढ्यापुरतंच राहतं.

इथे अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. रकान्यात खासगी चावी चिकटवायची असते, ‘डॉट पब’ फाइल नव्हे. ‘बिगिन’ आणि ‘एंड’ या ओळींसकट आणि मधल्या ओळी जशाच्या तशा. ईमेल किंवा चॅटमधून आलेल्या चावीतल्या ओळी एकमेकींना चिकटलेल्या असतात, आणि मग ‘एरर इन लिबक्रिप्टो’ किंवा ‘इनव्हॅलिड फॉरमॅट’ असं काहीतरी येतं. (खासगी चावी ईमेलने पाठवूच नये, हे वेगळं.) क्रेडेन्शियलचा ‘स्कोप’ चुकून ‘सिस्टिम’ ठेवला तर जॉबच्या यादीत ते दिसतच नाही, तिथे ‘ग्लोबल’ हवा. रिपॉझिटरीचा पत्ता एचटीटीपीएसचा आणि क्रेडेन्शियल एसएसएचचं असेल तरी जुळणार नाही. पत्ता आणि चावी एकाच प्रकारची हवी.

एचटीटीपीएस वापरणाऱ्यांनी पासवर्डचा नाद सोडावा. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहब गिटच्या कामासाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारत नाही, त्या जागी टोकन (गिटहबवर काढलेली पासवर्डसारखी अक्षरमाला) द्यावं लागतं. टोकनला बहुधा मुदत असते. महिनोन्महिने चाललेला जॉब एका सकाळी ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ म्हणाला की पहिली नजर टोकनच्या तारखेकडे टाका. ती तारीख टीमच्या कॅलेंडरमध्ये लिहून ठेवणं हे फार किरकोळ काम आहे आणि त्याने पुष्कळ मनस्ताप वाचतो.

जुन्या चावीवाल्यांसाठी एक सूचना. ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत केल्यावर ओपनएसएसएच ८.८ किंवा त्यापुढचं आलं असेल तर एसएचए-१ वापरणारी जुनी आरएसए सही मूळ सेटिंगमध्ये बंद असते. समोरचा गिट सर्व्हर फार जुना असला की तिथे चावी अचानक नाकारली जाते. जुनी सही परत चालू करण्यापेक्षा नवी ईडी२५५१९ चावी काढा, आणि सर्व्हर तीही ओळखत नसेल तर सर्व्हरच बदलण्याची वेळ झाली आहे.

जोडलं गेलं, तरी कोड नाही

‘कुडंट फाइंड एनी रिव्हिजन टू बिल्ड’ हा संदेश नवख्यांना सगळ्यात जास्त छळतो, कारण लाल अक्षरं आता गेलेली असतात. कारण मात्र क्षुल्लक आहे. जेनकिन्सच्या जॉबमध्ये ब्रँचच्या (कोडच्या शाखेच्या) रकान्यात आधीपासून ‘मास्टर’ लिहिलेलं असतं, आणि गिटहबवर १ ऑक्टोबर २०२० पासून नव्या रिपॉझिटरीची मुख्य ब्रँच ‘मेन’ नावाने तयार होते. रकान्यात ‘मेन’ लिहा, काम झालं. नव्या रिपॉझिटरीत एकही कमिट (नोंदवलेला बदल) नसेल तरी हाच संदेश येतो.

‘डिटेक्टेड ड्युबियस ओनरशिप’ हा दुसरा. एप्रिल २०२२ मधल्या गिट २.३५.२ पासून गिट बघतं की फोल्डर ज्याचं आहे तोच कमांड देतोय का. कोणीतरी घाईत रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन त्या फोल्डरमध्ये काही चालवलेलं असतं, किंवा बिल्डमधल्या डॉकर कंटेनरने (प्रोग्राम चालवण्याच्या बंदिस्त जागेने) रूटच्या नावाने फाइली लिहिलेल्या असतात. ‘सेफ डिरेक्टरी’ला तारांकन देऊन तपासणी मोडण्यापेक्षा त्या फोल्डरची मालकी ‘सीएच-ओन -आर’ने परत जेनकिन्सकडे द्या, आणि कंटेनर कुठल्या वापरकर्त्याने चालतो ते ठरवून टाका. नाहीतर उद्याच्या बिल्डनंतर तेच परत.

एजंट (मुख्य सर्व्हरऐवजी बिल्ड चालवणारं दुसरं मशीन) वापरत असाल तर इथे जरा थांबा. जेनकिन्सफाइल (बिल्डचे टप्पे लिहिलेली फाइल) रिपॉझिटरीतून घेणाऱ्या पाइपलाइनमध्ये (टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या जॉबमध्ये) गिट दोन ठिकाणी चालतं. आधी मुख्य सर्व्हर जेनकिन्सफाइल वाचायला रिपॉझिटरीकडे जातो, मग प्रत्यक्ष बिल्डसाठी एजंट पूर्ण कोड उतरवतो. मल्टिब्रँच जॉबमध्ये ब्रँचेसची पाहणीही मुख्य सर्व्हरच करतो. त्यामुळे ब्रँचेस व्यवस्थित दिसतात, जेनकिन्सफाइल वाचली जाते आणि तरी पहिल्याच टप्प्यावर ‘होस्ट की’ची तक्रार येते, असं घडतं. मुख्य सर्व्हरवर कितीही दुरुस्ती करा, उपयोग नाही. एजंट ज्या वापरकर्त्याने चालतो त्याच्या होममधली नोन होस्ट्स फाइल बघा. बिल्डच्या लॉगमध्ये सुरुवातीलाच ‘रनिंग ऑन’ आणि पुढे मशीनचं नाव असतं, तिथून सुरुवात करा.

विंडोजवरही गोष्ट तीच. सर्व्हिस लोकल सिस्टिम खात्याने चालत असेल तर तुमच्या प्रोफाइलमधल्या चाव्या तिला सापडणार नाहीत, आणि गिट फक्त तुमच्या पाथमध्ये (प्रोग्राम शोधण्याच्या जागांच्या यादीत) असेल तर गिटही सापडणार नाही. सर्व्हिससाठी वेगळं खातं काढून त्याला ‘लॉग ऑन ॲज अ सर्व्हिस’चा हक्क द्या.

सर्व्हिसच उठत नसेल तर

काही जणांची गाडी गिटपर्यंत पोचतच नाही. जेनकिन्सचं पॅकेज जावा सोबत आणत नाही. ‘फेल्ड टू फाइंड अ व्हॅलिड जावा इन्स्टॉलेशन’ असं जर्नलमध्ये (लिनक्सवरच्या सर्व्हिसच्या नोंदींमध्ये) दिसलं तर जावा बसवा. मशीनवर जावा आहे पण जुनं आहे, हे अधिक वेळा घडतं. सप्टेंबर २०२२ च्या २.३६१.१ या एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या) आवृत्तीपासून जावा ८ बाद झालं, आणि ऑक्टोबर २०२४ च्या २.४७९.१ पासून जावा ११ ही. रात्री आपोआप अपडेट झालेलं जेनकिन्स सकाळी उठत नाही, ते बहुधा यामुळे. एजंटवरचं जावाही सोबत वाढवावं लागतं, ते हमखास राहून जातं. तुमचा प्रकल्प जावा ८ वरच बिल्ड होतो म्हणून घाबरू नका. जेनकिन्स चालवणारं जावा वेगळं आणि बिल्डचं वेगळं ठेवता येतं, ‘टूल्स’मध्ये दुसऱ्या जेडीकेची (जावाच्या संचाची) नोंद करायची एवढंच.

पोर्टचा घोळ फार जणांचा वेळ खातो, म्हणून तो सविस्तर सांगतो. ८०८० वर टॉमकॅट किंवा आणखी काही आधीच बसलेलं असतं. शोधलं की उत्तर सापडतं: /ईटीसी/डिफॉल्ट/जेनकिन्स या फाइलीत पोर्ट बदला. बदलता, रीस्टार्ट करता, काहीच होत नाही. ते उत्तर एकेकाळी बरोबर होतं. २०२२ मधल्या २.३३२.१ या एलटीएस आवृत्तीपासून लिनक्स पॅकेजं सिस्टिमडीवर (लिनक्सवरच्या सर्व्हिस चालवणाऱ्या यंत्रणेवर) गेली आणि सर्व्हिस ती फाइल आता वाचत नाही. ‘सुडो सिस्टिमसीटीएल एडिट जेनकिन्स’ द्या. उघडलेल्या फाइलीत पहिल्या ओळीत चौकटी कंसात ‘सर्व्हिस’, दुसऱ्या ओळीत ‘एन्व्हायर्नमेंट’, बरोबरचं चिन्ह आणि अवतरणात ‘जेनकिन्स_पोर्ट=८०९०’, सगळं मूळ रोमन अक्षरांत आणि चलाचं नाव कॅपिटलमध्ये. जतन करा, रीस्टार्ट करा. वरच्या टिप्पणीच्या दोन ओळींच्या मधल्या जागेतच लिहायचं, त्याखाली लिहिलेलं सिस्टिमडी टाकून देतं. मूळ सर्व्हिस फाइलीला हात लावू नका, पुढच्या अपडेटमध्ये ती पुसली जाते.

जुन्या सल्ल्यांचा हा त्रास जेनकिन्समध्ये जास्त आहे, कारण हे सॉफ्टवेअर वयाने मोठं आहे. कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना २००४ साली ‘हडसन’ म्हणून त्याची सुरुवात केली आणि ओरॅकलशी नावावरून वाद झाल्यावर २०११ मध्ये ते जेनकिन्स झालं. इतक्या वर्षांची उत्तरं नेटवर तशीच पडून आहेत. कुठलाही सल्ला अमलात आणण्याआधी त्याची तारीख बघा.

प्लगइन्स फार असली आणि मशीन हळू असलं तर सुरू होतानाच सर्व्हिस मारली जाते. जर्नलमध्ये ‘स्टार्ट ऑपरेशन टाइम्ड आउट’ दिसतं. सिस्टिमडी मूळ सेटिंगमध्ये ९० सेकंद वाट बघतं. वरच्याच फाइलीत ‘टाइमआउटस्टार्टसेक’ वाढवा.

डॉकरमधून चालवणाऱ्यांना ‘कॅन नॉट राइट टू /व्हार/जेनकिन्स_होम’ असा संदेश दिसला तर पुन्हा मालकीचाच मुद्दा आहे. अधिकृत इमेजमधला वापरकर्ता १००० क्रमांकाचा असतो आणि तुम्ही जोडलेलं फोल्डर रूटचं. फोल्डरची मालकी १००० ला द्या, किंवा फोल्डर न जोडता नाव दिलेला डॉकर व्हॉल्यूम (डॉकर स्वतः सांभाळतो ती साठवणीची जागा) वापरा.

आणि बिल्ड नुसती रांगेत बसून राहत असेल, तर डिस्क बघा. मोकळी जागा १ जीबीच्या खाली गेली की जेनकिन्स ते मशीन ऑफलाइन करतं. टेम्प फोल्डरसाठीही हीच मर्यादा आहे, आणि ते वेगळ्या छोट्या विभागात असेल तर मुख्य डिस्क रिकामी असूनही बिल्ड अडकते. प्रत्येक जॉबला जुन्या बिल्ड टाकून देण्याची सेटिंग पहिल्याच दिवशी लावा.

पुश केलं तरी बिल्ड सुरू होत नाही

हाताने बिल्ड चालते, पुश केल्यावर (नवा कोड गिटहबवर पाठवल्यावर) मात्र काही हलत नाही, अशा वेळी गिटहबच्या वेबहुक (पुश झाल्याचं जेनकिन्सला कळवणारी सूचना) पानावरची ‘रीसेंट डिलिव्हरीज’ यादी उघडा. उत्तर ३०२ असेल तर पत्त्याच्या शेवटची तिरकी रेघ राहिली आहे, ‘गिटहब-वेबहुक’नंतर ती हवीच. २०० असून जॉब गप्प असेल तर जॉबमधला गिटहब हुक ट्रिगर निवडलेला आहे का आणि तो जॉब निदान एकदा हाताने चालवला आहे का ते बघा. पाइपलाइनला पहिल्या फेरीपर्यंत आपली रिपॉझिटरी कुठली हेच माहीत नसतं.

उत्तरच येत नसेल, नुसता टाइमआउट असेल, तर गिटहब तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचू शकत नाही. लहान ऑफिसांमध्ये आणि घरच्या ब्रॉडबँडवर हे सर्रास होतं, कारण कनेक्शनला स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळालेलाच नसतो आणि राउटरवर पोर्ट कितीही उघडला तरी बाहेरून वाट नसते. अशा ठिकाणी वेबहुकशी झगडू नका, आणि त्यासाठी जेनकिन्स उघड्या इंटरनेटवर तर मुळीच आणू नका. जॉबमध्ये ‘पोल एससीएम’ निवडा आणि वेळापत्रकात ‘एच/५’ व पुढे चार तारे लिहा. साधारण दर ५ मिनिटांनी जेनकिन्स स्वतःच गिटकडे जाऊन नवं काही आलंय का ते विचारेल. सुरुवातीचा ‘एच’ गाळू नका. तो असला की वेगवेगळ्या जॉबच्या वेळा आपोआप विखुरतात, नाहीतर सगळे जॉब एकाच क्षणी गिट सर्व्हरवर जाऊन आदळतात.